बोरतळच्या चर्चचा माथा

गोव्याच्या सहलीत गाइडने आम्हाला एका मोठ्या चर्चसमोर उभं केलं आणि सांगितलं, "ही बरोक शैली." वेलबुट्ट्यांचे वळसे, जोडखांब, आतल्या बिचाऱ्या साध्या इमारतीला झाकून टाकणारी भलीथोरली दर्शनी भिंत. मी सहज बोलून गेले की आमच्या उदगीरच्या पुढे एका खेड्यात असंच एक चर्च आहे. बसमधल्या पुण्याच्या दोघी हसल्या. एक म्हणाली, "अहो, लातूरला डाळ मिळते आणि क्लासेस मिळतात. बरोक कुठून मिळायचं?" पुढचे चार दिवस मला 'बरोकबाई' हे नाव पडलं. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, चिडवण्याची मला सवय आहे. पण आमच्या भागात बघण्यासारखं काही नसतंच, असं ठरवून टाकलेलं ऐकलं की माझं डोकं फिरतं.

खरं सांगायचं तर ते चर्च मीही पाहिलेलं नव्हतं. पाहिला होता तो फक्त फोटो, दानियल गुत्तेदाराच्या मोबाइलवर. लातूरच्या गंजगोलाईतल्या आमच्या भांड्यांच्या दुकानाचा स्लॅब त्यानेच टाकला. बोरतळ हे त्याचं गाव. दिवाळीनंतर तो दुकानात आला तेव्हा मी गोव्याची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. "बाई, बघायचं असंल तर आताच जाऊन या," तो म्हणाला. "नाताळाच्या आत पाडायचं घाटतंय."

झालं होतं असं. पावसाळ्यात मिस्साची प्रार्थना चालू असताना दर्शनी भिंतीच्या गिलाव्याचा एक मोठा पोपडा सुटला आणि दारात बसलेल्या लेकरांच्या हातभर अंतरावर येऊन फुटला. महिन्यातून एकदा येणाऱ्या फादरनी आत प्रार्थना बंद केली. शहरातल्या त्यांच्या कार्यालयाने ठरवलं, जुनं पाडा, स्लॅबचा हॉल बांधा. हॉलचं काम दानियललाच मिळणार होतं. पण तो खूश दिसत नव्हता, कारण त्याची थोरली बहीण मार्था शिलाईमशीन घेऊन चर्चच्या दारात, त्या भिंतीच्या बरोबर खाली जाऊन बसली होती. रोज सकाळी बसायची, संध्याकाळपर्यंत गावाचे ब्लाऊज शिवायची. भिंत पडायची असेल तर आधी माझ्यावर पडू दे, एवढंच तिचं म्हणणं.

अशा बाईला भेटायला मी गेले नसते तर मला झोप लागली नसती.

उदगीरच्या पुढे

उदगीरला उतरून देगलूरच्या रस्त्याला लागलं की बोली बदलायला लागते. काळीपिवळीत माझ्या एका बाजूला कानडी चाललं होतं, दुसऱ्या बाजूला तेलुगू, आणि भाड्यावरून भांडण मात्र सगळ्यांनी मिळून मराठीत केलं. दोन्हीकडे शेंगांनी लगडलेली तूर, मधून मधून हरभऱ्याचे हिरवे तुकडे. बोरतळच्या फाट्यावर उतरले तेव्हा गाव दिसण्याआधी ते चर्च दिसलं.

मी रस्त्यातच थांबले. काळ्या मातीच्या सपाट रानात, माळवदाच्या बुटक्या घरांच्या वर, पांढरी भिंत उभी होती. दोन्ही खांद्यांवरून वळसे घेत वर चढत गेलेली, आणि शेंड्याला क्रूस. पुण्याच्या त्या दोघींना इथे आणून उन्हात उभं करावं असं मनापासून वाटलं.

मार्थाबाई सांगितल्याप्रमाणे दारातच होत्या. पन्नाशीच्या, उंच, चष्म्याला दोरी बांधलेली. मी आम्हा लिंगायतांच्या सवयीने "शरणार्थ" म्हटलं, त्यांनी "जय येसू" म्हटलं, आणि मशीन न थांबवता विचारलं, "दान्यानं धाडलंय का? समजूत काढायला?" मी म्हटलं, चित्र काढायला आलेय. त्यांनी माझ्या पिशवीतला कागदाचा गुंडाळा पाहिला, मग पाय थांबवला.

"मग मागून बी काढा," त्या म्हणाल्या. "समोरून समदेच काढतेत."

समोरून आणि मागून

मागून पाहिलं तर चर्च म्हणजे आमच्याकडच्या कुठल्याही खेड्यातलं लांबट घर. काळ्या दगडाच्या रुंद भिंती, वर पत्रे, पूर्वी माळवद होतं. आणि त्याच्या पुढे, घराच्या दुप्पट उंचीची ती भिंत, मागून दोन दगडी टेकूंवर तोललेली. आत भपका नाही. सुताराने दोराच्या पिळासारखे वळवलेले दोन लाकडी खांब वेदीपाशी आहेत, बाकी सारवलेली जमीन आणि सतरंज्या. म्हणजे बरोकचं सगळं नाटक समोरच्या भिंतीवर, गोव्यात होतं तसंच.

पण ते नाटक रचलं कुणी, ते ऐकण्यासारखं आहे. मार्थाबाईंनी मला ते शिवता शिवता सांगितलं, त्यांना त्यांच्या आज्याने सांगितलं होतं तसं. निजामाच्या काळात इकडे रेल्वे आली तेव्हा रुळांच्या कामावर एक गोव्याचा ओव्हरसियर होता. गावच्या विहिरीवर ज्यांना पाणी भरू देत नव्हते त्या घरांनी नुकताच ख्रिस्ती धर्म घेतला होता, आणि प्रार्थना खळ्यात चालायची. ओव्हरसियर रविवारी तिथे यायचा. एकदा त्याने त्याच्या गावचं चर्च कसं आहे ते काठीने खळ्याच्या मातीत काढून दाखवलं. कंधारहून बोलावलेल्या मुसलमान गवंड्याने, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, ते पाहिलं आणि बांधायला घेतलं.

उस्तादाने गोवा पाहिला नव्हता. समुद्रही नाही. ओव्हरसियरने कोनाड्यावर शिंपला काढला होता, उस्तादाने त्याचं धान्य पाखडायचं सूप केलं. खांबांच्या माथ्यावर परदेशी पानं हवी होती, तिथे केळफुलं आली. गोव्याच्या चर्चवर मी दगडी अननस पाहिले होते, इथे त्यांच्या जागी सीताफळं आहेत, एक तर उललेलं. आणि वर जे दोन देवदूत आहेत त्यांना पंख आहेत, पण डोक्याला फेटे आणि ओठांवर भरघोस मिशा. मी हसले तेव्हा मार्थाबाई म्हणाल्या की देवाचा निरोप घेऊन येणारा माणूस उघड्या डोक्याने कसा येईल. मला ते बरोबर वाटलं. याला नक्कल म्हणणाऱ्या माणसाशी मी भांडायला तयार आहे. एका माणसाने आठवणीतून सांगितलं, दुसऱ्याने आपल्या हाताला माहीत होतं ते घातलं, यालाच तर शैली म्हणतात.

भिंत खांद्यापर्यंत, म्हणजे वळसे सुरू होतात तिथवर आली तेव्हा त्या वेळच्या पाटलाचा निरोप आला: वाड्याच्या दरवाजाहून उंच जायचं नाही. लोक बरं म्हणाले आणि काम थांबवलं. मग पाटील लवाजम्यासह माळेगावच्या जत्रेला गेला. बैल, घोडे, तमाशे, लवकर परतणारा माणूस नव्हता तो. तेवढ्या दिवसांत ख्रिस्ती आळीतल्या बायापोरांसकट सगळ्यांनी विटा वाहिल्या आणि उस्तादाने वरचा माथा चढवला, मिशीवाल्या देवदूतांसकट. पाटील परत आला तर क्रूस त्याच्या दरवाजाच्या वर. पाडा म्हणायची सोय नव्हती, कारण रेल्वेचा साहेब रविवारी तिथे बसायचा. म्हणून पाटलाने आपल्याच दरवाजावर एक मजला चढवला. तो पुढे भूकंपात आला खाली.

"आमचा न्हाई आला," मार्थाबाई म्हणाल्या आणि दाताने दोरा तोडला.

मला तेव्हा कळलं की ही बाई इमारतीसाठी बसलेली नाही. हॉल कितीही चांगला झाला तरी तो उंच असणार नव्हता.

त्या दुपारी एक अपघात झाला. मी समोरून काढलेलं चित्र दगडाखाली दाबून जेवायला गेले आणि परत येईपर्यंत एका बोकडाने उजवा खांदा, एक देवदूत आणि दोन सीताफळं खाल्ली होती. मार्थाबाई इतक्या हसल्या की त्यांना मशीन थांबवावं लागलं. मी दुसरा कागद घेतला.

ताट

मी लिंगायत, मांसाहार करत नाही, हे दानियलने आधीच कळवलं होतं. मार्थाबाईंनी माझ्यासाठी नवं पातेलं आणून ठेवलं होतं. मला ते पाहून लाज वाटली आणि मी त्यांना तसं सांगितलंही. रात्री नेहमीच्याच पातेल्यात येसराची आमटी झाली, सोबत आंबट चुका, ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी. त्यांनी जेवणाआधी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून आभार मानले. मी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून डोळे मिटले. त्यांच्या सुनेने दोघींकडे पाहिलं आणि आमटी गार होतेय म्हणाली.

दुसऱ्या सकाळी पाटलांच्या वाड्यातून चहाचं बोलावणं आलं. आताचे पाटील तरुण, नम्र, उदगीरला कृषिसेवा केंद्र चालवणारे. त्यांच्या आई मात्र जुन्या वळणाच्या. त्यांनी माझं माहेर विचारलं, दुकान विचारलं, आणि आवाज खाली घेऊन, तिकडं जेवलात का, असं विचारलं. मी म्हटलं, जेवले, आणि रात्रीही तिथेच जेवणार आहे. चहात साखर फार होती, तरी सगळा प्यायले, कारण अर्धा ठेवला असता तर त्यांना वाटलं असतं की मी वरमले.

मावसभाऊ

तिसऱ्या दिवशी माझा मावसभाऊ शिवराज नांदेडहून आला. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्याने बांधकाम शिकवलंय. मीच त्याला बोलावलं होतं. फादरनी फोनवर सांगितलं होतं की जाणत्या माणसाने भिंत धोक्याची नाही असं म्हटलं तर ते कार्यालयाशी बोलतील. दानियलही लातूरहून आला, छिन्नी-हातोडा घेऊन.

शिवराज शिडीवर चढला, हातोडीने ठोकत, कान लावून ऐकत फिरला. मग दानियलला म्हणाला, इथला गिलावा काढ. दानियलने छिन्नी लावली. वरचा थर अख्ख्या पापडासारखा सुटून आला. खाली जुना चुना होता, ओला, बोटाने खरवडला जाणारा.

वरचा थर सिमेंटचा होता. काही वर्षांपूर्वी दानियलचा धंदा नुकताच लागला तेव्हा त्याने मोठ्या हौसेने, स्वतःच्या खर्चाने, चर्चला सिमेंटचा गिलावा करून दिला होता. आमच्याकडे गावाला काही द्यायचं म्हटलं की सिमेंट द्यायचं, देवळाला, विहिरीला, पाराला, हीच मोठी सेवा. मागून पावसाचं पाणी भिंतीत शिरत राहिलं, समोरून सिमेंटने वाट अडवली, आणि उस्तादाचा चुना आतल्या आत कुजला. दानियल शिडीवर उभा राहून हातातल्या तुकड्याकडे बघत होता.

"माझंच हाय हे," तो म्हणाला. मार्थाबाईंनी सुनेकरवी पाण्याचा तांब्या वर पाठवला.

शिवराजने निकाल सांगितला. खालची दगडी भिंत ठणठणीत. वरच्या माथ्याच्या विटा मात्र मोकळ्या झाल्यात. सोपा उपाय म्हणजे माथा उतरवायचा, भिंत खांद्यापर्यंत ठेवायची, मग शंभर वर्षं बघायला नको. अवघड उपाय म्हणजे माथा विटेविटेने उतरवून, आत लोखंडी दांडा घालून, पुन्हा चुन्यातच चढवायचा. देवदूत अलगद काढून ठेवायचे. त्याचा कल पहिल्याकडे होता. तो चांगला माणूस आहे, पण त्याला माळेगावची जत्रा माहीत नव्हती.

मार्थाबाई मशीनवरून उठल्या. मी आल्यापासून दिवसा त्यांना त्या दारातून उठलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

"खांद्यापर्यंत तर पाटलानं बी परवानगी दिली होती," त्या म्हणाल्या.

शिवराजला अर्थ लागेना. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ऐकून तो म्हणाला की मग अवघडच करू, पण चुना हवा, नीट मुरलेला, आणि तो नाताळापर्यंत आणायचा कुठून.

मार्थाबाई आम्हाला चर्चच्या मागे घेऊन गेल्या आणि एका खड्ड्यावरची पोती बाजूला केली. आत लोण्यासारखा चुना होता. कार्यालयाचं, फादरचं, कुणाचंच काही ठरायच्या आधी, दसऱ्यालाच त्यांनी चुनकळी आणून भिजत घातली होती. मी मूर्खासारखं बोट घालून पाहिलं. ते संध्याकाळपर्यंत आगीसारखं जळजळत होतं आणि मला तेल लावून बसावं लागलं.

घाणी

चुना भिजवून भागत नाही. तो वाळू आणि विटांच्या भुकटीबरोबर घाणीत दळावा लागतो, गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर घालून. उस्तादाची घाणी अजून होती, जमिनीत गोल खोदलेला दगडी पाट आणि त्यात फिरणारं जड दगडी चाक. पूर्वी दर वर्षी नाताळाच्या आधी चुन्याचा हात द्यायचा म्हणून आळीतलं प्रत्येक घर आपल्या बैलांचा एक फेर द्यायचं. सिमेंट आलं तेव्हापासून ती रीत मोडली. आता आळीत एकही बैल नाही, आणि ट्रॅक्टर त्या कोंडाळ्यात वळत नाही.

गावात बैलजोडी होती ती एकच, पाटलांची, हौसेची. बातमी पोचली आणि तरुण पाटील स्वतः आले. बैल देतो म्हणाले, अगदी मनापासून. फक्त काम पूर्ण झाल्यावर नारळ फोडायचा मान वाड्याचा असावा, एवढं आईचं म्हणणं आहे. आणि जाता जाता म्हणाले, एवढं उंच परत कशाला चढवता, उगाच धोका.

आळीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. दानियल तर हो म्हणायलाच निघाला होता. दोन दिवसांचं काम बैलांनी अर्ध्या दिवसात झालं असतं.

"बैलं गुणाची हायेत तुमची," मार्थाबाई म्हणाल्या. "त्यांना कामून तरास द्यायचा."

मग त्यांनी पदर खोचला, घाणीच्या लाकडी दांड्यामागे गेल्या आणि त्याला खांदा लावला. चाक हललं नाही. त्यांची सून जाऊन लागली. मग शेजारची रूथ, मग तिची जाऊ. चाकाने कुरकुर केली आणि ते सरकलं. मी चित्राची फळी खाली ठेवली आणि जागा मिळाली तिथे खांदा लावला. माझं वय, माझे गुडघे, सगळं खरं आहे, पण त्या क्षणी मला कुणी हटकलं असतं तर मी त्याला ऐकवलं असतं. पाटील आल्या वाटेने निघून गेले. बाया गाणं म्हणायला लागल्या, जात्यावरच्या चालीचं, शब्द मरियेचे. पुरुष पाणी घालत होते आणि फावड्याने चुना मध्ये ओढत होते. कधी नव्हे ते त्यांना हाताखालचं काम मिळालं होतं.

माझा परतीचा ठरलेला दिवस उलटला तरी मी आणखी काही दिवस राहिले. शिवराजने फादरना फोन केला. फादर म्हणाले, ते कार्यालयाला समजावतील, आणि समजावता आलं नाही तरी नाताळची मिस्सा ते आतच म्हणतील. मार्थाबाईंनी ते ऐकलं आणि पुन्हा दांड्यापाशी गेल्या. त्यांचा फोनवर फारसा विश्वास दिसला नाही.

शेवटच्या दुपारी दानियल परांचीवर होता. माथा उतरवून झाला होता, दांडा बसला होता, नव्या चुन्यात विटांचे थर चढत होते. खाली सतरंजीवर देवदूत उताणे पडून आभाळाकडे बघत होते. आळी अंगणात जमली होती, मी बोकडापासून दूर बसून चित्र पूर्ण करत होते. शेवटचा थर आला तेव्हा दानियलने वरून हाक मारली.

"अक्का, किती ठिवू? होतं तेवढंच ना?"

मार्थाबाईंनी मान वर केली. त्यांनी वाड्याकडे पाहिलंही नाही.

"होतं त्याच्यावर एक वीत घे," त्या म्हणाल्या.

दानियलने शिवराजकडे पाहिलं. शिवराजने कपाळाला हात लावला, मग म्हणाला की विताभराने भिंत पडत नसते. मी माझ्या चित्रातला क्रूस खोडला, जरा वर काढायचा म्हणून.

"मग चुना कमी पडतोय," दानियल वरून म्हणाला.

रूथने आपला सुजलेला खांदा चोळला, पदर खोचला आणि घाणीकडे निघाली. तिच्यामागे आम्ही सगळ्या निघालो.